तुटलेल्या पंखाची ओळख

(पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला ‘मुलांमध्ये विज्ञानाची गोडी’ ह्या विषयावर बोलायला सांगण्यात आले आहे. मी बी.ए., बी.एड. आहे. मराठी आणि इतिहास हे माझे विषय. तेव्हा विज्ञानावर बोलण्याचा ह्या मास्तरांना अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. तो माझ्याही मनात आला. परंतु काही वर्षांपूर्वी एका किड्याच्या तुटलेल्या पंखाने मला धडा शिकवला. तो धडा आपल्यासमोर ठेवावा, एवढ्याचसाठी मी उभा आहे. त्यात माझी चूक आहे, ती प्रथम सांगतो. विज्ञान मागाहून येईल.

सात-आठ वर्षे झाली. त्या वेळी मी ज्या शाळेत होतो तेथील विज्ञानाचे शिक्षक लांबच्या रजेवर गेले आणि आठवीचा विज्ञानाचा तास माझ्याकडे आला. जूनचा महिना, पहिला पाऊस नुकताच पडून गेलेला. अशा रात्री ट्यूबलाइटभोवती वाळवीचे पंखवाले किडे कसे झेपावतात आणि सकाळी ओसरीवर पंखांचा कसा सडा पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्गात बोईसरकडून येणारा एक मुलगा होता. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर कामाला. त्याने शाळेच्या ओसरीवरचे पंख एका रिकाम्या काडेपेटीत गोळा केले होते. त्यात एक पंख निराळा होता. लांबट, पारदर्शक, जाळीदार. तो माझ्या टेबलावर ठेवून त्याने विचारले, “सर, हा कशाचा?”

मी पाहिले न पाहिले आणि म्हणालो, “चतुराचा.”

मुलगा हळूच म्हणाला, “सर, चतुराच्या पंखाला वरच्या कडेवर, मध्याच्या आसपास एक गाठ असते. ह्याला ती नाही.”

वर्ग हसला. मला राग आला. ज्याचे उत्तर आपल्याला येत नाही त्या प्रश्नाचा शिक्षकाला जसा राग येतो तसाच तो होता. मी म्हणालो, “पुस्तकात आहे तेवढे वाच. खाली बस.” तो बसला. काडेपेटी त्याने दप्तरात टाकली. त्या वर्षी त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी शेरा लिहिला, ‘विज्ञानात कच्चा. लक्ष नाही.’

दोन वर्षांनी एक पुस्तक हाती आले तेव्हा कळले की तो मुलगा बरोबर होता आणि मी चूक. तो पंख चतुराचा नव्हताच. घराच्या कोरड्या वळचणीखाली मऊ मातीत नरसाळ्यासारखे लहान लहान खड्डे असतात आणि मुंगी त्यात घसरली की तळाचा किडा तिला पकडतो, हे मुलांना ठाऊक आहे. तोच किडा मोठा झाला की त्याला चार लांब पंख फुटतात आणि तो रात्री दिव्यावर येतो. लांबून पाहिले तर अगदी चतुरासारखा! परंतु त्याचे कूळ वेगळे. फरक कळतो तो शृंगांवरून, म्हणजे डोक्यावरच्या मिशांवरून, आणि पंखांवरच्या शिरांवरून. मिशा मुलाच्या हाती नव्हत्या. त्याच्याकडे फक्त एक पंख होता आणि तेवढ्यावरून त्याने जे सांगितले ते अचूक होते.

ह्या पंखाच्या शिरांनी मग माझा पिच्छा पुरवला. जमेल तसे वाचत गेलो, भिंग घेऊन पाहत गेलो. त्यातून कळले की ह्याच शिरांच्या आधारे शास्त्रज्ञ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, दगडात गाडल्या गेलेल्या कीटकांची ओळख पटवतात. कित्येक प्राचीन कीटक तर आज जगाला केवळ एका पंखाच्या ठशावरून ठाऊक आहेत.

पंखच का उरतो? कीटकाचे अंग मऊ असते. ते कुजते, मुंग्या नेतात, पक्षी आणि पाली खातात. पंख मात्र कोरडा, पातळ आणि चिवट. खाणाराही तो टाकून देतो. तुमच्या घरातली पाल वाळवी गिळते तेव्हा खाली काय पडते ते आठवा. असा पंख तळ्याच्या पाण्यात पडला, तळाच्या बारीक गाळाखाली दबला आणि त्या गाळाचा पुढे दगड झाला की पंखाचा ठसा त्यात राहतो. गाळ जितका बारीक तितका ठसा स्पष्ट.

आता ह्या शिरा म्हणजे काय ते पाहू. पंख हा दोन पापुद्र्यांचा असतो आणि त्या दोहोंच्या मध्ये पोकळ नळ्या असतात. त्याच शिरा. किडा कोशातून बाहेर येतो तेव्हा पंख चुरगळलेल्या कापडासारखा असतो. किडा ह्या नळ्यांतून अंगातला द्रव जोराने ढकलतो, पंख उलगडतो आणि वाळून ताठ होतो. मग ह्याच शिरा पतंगाच्या कामट्यांसारख्या पंख ताणून धरतात. शिवाय पंख सपाट नसतो. एक शीर उंचवट्यावर, तर दुसरी खोलगट भागात, असा तो पन्हळी पत्र्यासारखा असतो. साधा पत्रा हाताने वाकतो, पन्हळीचा सहज वाकत नाही. आपल्या छपरावरची ही युक्ती कीटकाच्या पंखात तीस कोटी वर्षांहून अधिक काळ चालत आलेली आहे.

एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, पिंपळाच्या दोन पानांच्या शिरा तंतोतंत सारख्या नसतात. मग किड्याच्या पंखांच्या कशा असतील?” प्रश्न फार चांगला आहे. पानाच्या बारीक शिरांची जाळी प्रत्येक पानागणिक बदलते. कीटकाच्या पंखातील मुख्य शिरांचा आराखडा मात्र आईबापांकडून जसाच्या तसा येतो. शंभर घरमाश्या धरा. पंखांवरच्या मोठ्या शिरा शंभर ठिकाणी त्याच वळणाने जाताना दिसतील. म्हणूनच त्या ओळखीच्या कामी येतात.

ह्या शिरांना नावे आहेत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे जॉन कॉमस्टॉक आणि जेम्स नीडहॅम ह्या दोघांनी १८९८ आणि १८९९ साली सर्व कीटकांच्या पंखांना एकच नामावली लावून दाखवली. त्यापूर्वी माशीवाला एक नाव देई, मधमाशीवाला दुसरे. ह्या दोघांचे म्हणणे असे की सर्व पंखांचा मूळ नकाशा एकच आहे. कुठे शाखा वाढल्या, कुठे दोन शिरा एक झाल्या, कुठे एखादी लोपली, इतकेच. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या काही गोष्टी दुरुस्त केल्या, काहींवर वाद चालूच राहिला. परंतु नावे टिकली. पंखाच्या पुढच्या कडेची ती कॉस्टा. तिच्यामागे सबकॉस्टा. मग रेडियस, ही बहुधा सर्वांत जाड. तिच्यामागे मीडिया, मग क्युबिटस आणि शेवटी अंगाजवळच्या अ‍ॅनल शिरा. नावे लॅटिन असली तरी घाबरू नका. भूगोलाच्या तासाला वैतरणा कुठून निघते आणि सूर्या तिला कुठे मिळते हे तुम्ही नकाशावर बोटाने दाखवता, तसेच हे आहे. फरक एवढाच की ह्या नकाशात मूळ अंगाकडे असते आणि फाटे टोकाकडे फुटत जातात.

आता दगडातला पंख कसा वाचायचा? प्रथम दिशा ठरवायची. जाड, शिरांनी दाटलेली कड ती पुढची. शिरा जेथे एकत्र येतात ते मूळ. मग हा पुढचा पंख की मागचा, हे पाहायचे. मग एक एक शीर मुळापासून टोकापर्यंत धरून न्यायची. सबकॉस्टा कडेला कुठे मिळते? रेडियसला फाटे किती? आडव्या शिरा थोड्या की असंख्य? एखादी गाठ आहे का, रंगीत ठिपका आहे का? दिवा डोक्यावर ठेवून चालत नाही, तो एका बाजूने तिरपा धरावा लागतो; तेव्हा उंचवट्यांच्या सावल्या पडतात आणि जे दिसत नव्हते ते दिसू लागते.

ह्यात एक मोठा फसवा प्रकार आहे. दगड फुटतो तेव्हा त्याचे दोन तुकडे होतात आणि पंखाचा ठसा दोन्हींवर उमटतो. शिक्का आणि त्याची छाप असतात तसे. एका तुकड्यावर जी शीर उंचवटा असते ती दुसऱ्यावर खळगा होते. डावा पंख उजवा वाटू लागतो. आपल्या हाती कोणता तुकडा आहे हे न ठरवता जो बोलतो तो फसतो. जुन्या मोडी कागदांचे वाचन करणाऱ्यांना हा अनुभव निराळ्या रीतीने येतो. कागद फाटलेला, शाई उडालेली. अशा वेळी एका अक्षराच्या वळणावरून काळ सांगता येतो, पण आधी कागद सुलटा धरला आहे ना, हे पाहावे लागते!

शिरा काय काय सांगतात ते पाहा. झुरळाच्या पुढच्या पंखाच्या मुळाशी एक वाकडी, खोल रेघ असते. ती लंबगोल तुकडा बाकीच्या पंखापासून अलग करते. ही रेघ दिसली की तीस कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाच्या काळातला पंखही झुरळाच्या गोतातला म्हणून ओळखता येतो. वाळवीचे चारही पंख जवळजवळ सारखे आणि मुळाशी एक आखलेली रेषा. पंख त्या रेषेवरच तुटतो, म्हणून तर ओसरीवर सडा पडतो. चतुराच्या पंखात असंख्य चौकटी, पुढच्या कडेवर ती गाठ आणि टोकाजवळ गडद ठिपका. मातीत खड्डे करणाऱ्या त्या किड्याच्या पंखातही जाळी दाट. परंतु गाठ नाही आणि शिरा कडेला पोचण्यापूर्वी दुभंगून चिमट्यासारख्या होतात. त्या मुलाने नेमके हेच पाहिले होते.

नर रातकिड्याच्या पंखातील एका शिरेवर बारीक दाते असतात. ती दुसऱ्या पंखाच्या कडेवर घासून तो आवाज काढतो. चीनमध्ये सापडलेल्या सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वीच्या, रातकिड्याच्या जवळच्या एका किड्याच्या पंखावर हे दाते इतके शाबूत होते की २०१२ साली शास्त्रज्ञांनी त्यांचे अंतर मोजून त्याचा सूर काढला. सेकंदाला सुमारे ६,४०० कंपने! जो आवाज ऐकायला पृथ्वीवर माणूस नव्हता, तो एका शिरेवरून परत मिळाला.

आता अशीच एक प्रसिद्ध गोष्ट. १८८० च्या दशकात फ्रान्समधल्या कोमांत्री येथील कोळशाच्या खाणीतून मिळालेल्या एका प्रचंड कीटकाला शार्ल ब्राँनियार ह्यांनी मेगॅन्युरा हे नाव दिले. पंखांचा विस्तार दोन फुटांहून अधिक. आजही पुष्कळ पुस्तकांत त्याला ‘राक्षसी चतुर’ म्हणतात. दिसायला तो चतुरासारखाच होता. परंतु शिरा पाहणाऱ्यांनी सांगितले की ह्याच्या पंखावर खऱ्या चतुराची गाठ नाही आणि तो ठिपकाही नाही. तेव्हा हा चतुर नव्हे, चतुराचा फार जुना नातेवाईक. म्हणजे माझ्या टेबलावर जे घडले तेच मोठ्या पंडितांच्या टेबलावर घडत आले आहे. पहिल्या नजरेला जे वाटते ते एक आणि शिरा सांगतात ते दुसरे.

“हे सारे फ्रान्स आणि चीनचे झाले, आपल्याकडे काय?” असे आपण विचाराल. आपल्या पालघर-बोईसरचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. तापलेल्या लाव्हात किड्याचा पंख कसा टिकणार? पण लाव्हा एकदम वाहून थांबला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर येत गेला आणि दोन थरांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला, झाडे उगवली. ह्या मधल्या गाळात जीवाश्म मिळतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत अशाच थरात लहानशा बेडकांचे सांगाडे मिळाले आणि १८४७ साली लंडनच्या रिचर्ड ओवेन ह्यांनी त्यांचे वर्णन केले.

कीटक मिळाले ते नागपूरला. १८४५ साली तेथे आलेले स्टीफन हिस्लॉप हे काही सरकारी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हते. ते स्कॉटलंडचे पाद्री आणि शाळा चालवणारे शिक्षक. रॉबर्ट हंटर ह्या सहकाऱ्याबरोबर ते नागपूरभोवतीचे दगड फोडून पाहत. टाकळी येथे लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात त्यांना वनस्पती, शिंपले आणि भुंगेऱ्यांचे अवशेष मिळाले. भुंगेऱ्यांबद्दल अँड्र्यू मरे ह्यांनी १८६० साली लंडनच्या भूगर्भशास्त्रीय सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. परंतु येथे अडचण पाहा. भुंगेऱ्याचा पुढचा पंख हा पंख राहिलेला नसतो. त्याचे टणक कवच झालेले असते आणि शिरांचा नकाशा त्यात जवळजवळ बुजून जातो. टिकण्याच्या दृष्टीने कवच उत्तम, ओळखण्याच्या दृष्टीने कठीण. कवचावरचे खळगे, रेघा आणि आकार ह्यांवरून जेवढे सांगता येईल तेवढेच सांगायचे आणि तेथे थांबायचे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळ, प्राणहिता नदीच्या काठी कोटा नावाचे गाव आहे. तेथला चुनखडक ह्याहूनही पुष्कळ जुना, डायनासोरांच्या काळातला. त्यात मासे मिळतात आणि कीटकांचे अवशेषही मिळाले आहेत.

आणि सर्वांत जवळचे उदाहरण तर आपल्या रेल्वेच्या वाटेवर आहे. पालघरहून गाडी डहाणू, वापी, वलसाड करीत सुरतेस जाते. सुरत जिल्ह्यात मांगरोळ तालुक्यातील वस्तान येथे लिग्नाइट कोळशाची खाण आहे. तेथे कोळशाबरोबर कहरुबा मिळाला. कहरुबा म्हणजे झाडाचा डिंकासारखा चीक लाखो वर्षे गाडला जाऊन झालेला पिवळा खडा. आपल्यातल्या काही घरांत त्याच्या मण्यांची तसबीह जपून ठेवलेली असते. वस्तानचा कहरुबा पाच कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो सालवृक्षाच्या कुळातील झाडांचा आहे. २०१० साली लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे हुकम सिंह, जर्मनीचे येस रुस्ट आणि त्यांच्या भारतीय व परदेशी सहकाऱ्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. सुमारे १५० किलो कहरुबा तपासून त्यांना कीटक, कोळी आणि त्यांच्यासारखे ७०० हून अधिक जीव मिळाले. त्यांत ५५ कुळे निघाली. चीक चिकट, त्यामुळे किडा अडकला की पंखासकट राहिला. एक एक शीर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. हा कहरुबा पुरता कठीण झालेला नसल्याने तो द्रावकात विरघळवून आतला किडा अख्खा बाहेर काढता येतो, ही त्याची आणखी एक खुबी.

ह्या चिमुकल्या जिवांनी एक मोठी समजूत बदलायला लावली. भारताचा भूखंड आफ्रिकेकडून तुटून आशियाला येऊन मिळेपर्यंत समुद्रात एकटा तरंगत होता. तेव्हा त्यावरचे जीव जगावेगळे असतील, अशी अपेक्षा होती. परंतु वस्तानच्या किड्यांचे नातेवाईक युरोपात, आशियात, अमेरिकेतही निघाले. म्हणजे वाटते तितका हा भूखंड एकाकी नव्हता. एवढा मोठा निष्कर्ष कशावरून? मिशा, पाय आणि केसाहून बारीक शिरांवरून.

मित्रहो, ह्या शास्त्रातली जी गोष्ट मला शिक्षक म्हणून सर्वांत मोलाची वाटली, ती अशी. दगडातला पंख अर्धा असेल तर जाणकार अभ्यासक त्याला पुरते नाव देत नाही. तो म्हणतो, ‘हा झुरळांच्या गणातला आहे, कूळ अनिश्चित.’ टोकाचा भागच नसेल तर टोकाच्या शिरांबद्दल बोलत नाही. तुकडा जेवढे सांगतो तेवढेच लिहितो, वर एक अक्षर नाही. घाईने दिलेली नावे पुढे खोडावी लागली, अशी उदाहरणे ह्या शास्त्रात पुष्कळ आहेत. दगडाचे काही बिघडत नाही. तो कपाटात असतो, पुन्हा काढून पाहता येतो.

मूल मात्र कपाटात राहत नाही. त्या मुलाचे वडील दहावीच्या निकालानंतर मला भेटले होते. रात्रपाळी करून थेट आले होते, डोळे लाल. त्यांनी विचारले, “सर, पोराला सायन्सला घालू, की कामाला लावू? तुम्ही सांगाल तसं करतो.” मी गुणपत्रिका पाहिली, माझाच जुना शेरा मनात होता, आणि म्हणालो, “त्याचा कल विज्ञानाकडे नाही.” एका तुकड्यावरून मी पुरते नाव देऊन टाकले! ज्याने नऊशे मुलांच्या पायांखालून एक पंख उचलला, त्याची कड पाहिली, आणि मास्तर चुकतो आहे हे अदबीने सांगितले, त्याचा कल विज्ञानाकडे नाही, असे मी त्याच्या अब्बांना सांगितले. त्यांनी माझे ऐकले.

पुस्तक वाचल्यावर मी त्याला शोधले. बोईसर स्टेशनवर, पाळी सुटण्याच्या वेळी भेटला. मी म्हणालो, “अरे, तो पंख चतुराचा नव्हता. तू बरोबर होतास.” त्याने मान तुकवून विचारले, “कुठला पंख, सर?” त्याला आठवत नव्हते. मी पुष्कळ आठवण दिली. तो भिडेखातर ‘हो हो’ म्हणाला आणि गाडी आली. त्याने मला दोष दिला असता तर बरे वाटले असते. मी ‘खाली बस’ म्हणालो होतो आणि त्याचे ते पाहणेही तेव्हाच खाली बसले होते.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. प्रगतिपुस्तक हा एक तुकडा आहे. तो जरूर वाचा, पण तेवढ्यावरून मुलाचे पुरते नाव ठरवू नका. आमच्यासारख्या शिक्षकांचा शेराही तुकडाच समजा. मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर पुढे काय करायचे हे ठरवण्यापूर्वी, ते मूल मोकळ्या वेळी कशाकडे टक लावून पाहते ते महिनाभर बघा. प्रयोगशाळा नाही, फी नाही, पुस्तके नाहीत, ह्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यासाठी संस्थेने व आपण सर्वांनी झटले पाहिजे. परंतु पाहणारा डोळा घरात आधीच असेल तर तो आपल्या हातून मिटू नये.

विद्यार्थी मित्रांना थोडे काम देतो. एक साधे भिंग मिळवा. नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालेल. मेलेली घरमाशी घ्या आणि पंखाच्या टोकाकडे पाहा. तेथे पोचणारी एक शीर शेवटी एकदम वर वळून पुढच्या शिरेच्या जवळ जाते. आता खोलीच्या मध्यावर, दिव्याखाली भिरभिरणारी लहान माशी मिळाली तर तिचा पंख पाहा. तेथे ही शीर वळत नाही, सरळ जाते. दोन माश्या, दोन कुळे. आणि हे तुम्ही कोणाला न विचारता ठरवलेत. भाद्रपद-आश्विनात भातशेतांवर चतुर येतील. त्यांच्या शेपटीला दोरा बांधू नका. मेलेला मिळाला तर पंख वहीत चिकटवा, जवळ तारीख व गाव लिहा आणि गाठ शोधा. ओळख पटली तर नाव लिहा. नाही पटली तर ‘अनिश्चित’ लिहा. ‘अनिश्चित’ लिहायला लाज वाटू देऊ नका.

आणि कधी तुमच्या सरांनी चुकीचे नाव सांगितले आणि तुम्हाला गाठ दिसली नाही, तर अदबीने, पण जरूर सांगा. सर रागावले तरी काडेपेटी फेकू नका. आमच्या शाळेत ह्या वर्षापासून मी माझ्या टेबलावर एक रिकामा डबा ठेवला आहे. ज्याला जे सापडेल ते त्याने त्यात आणून टाकावे. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. उत्तर येईलच असे नाही. परंतु ‘खाली बस’ असे म्हणणार नाही, एवढे मी आपणा सर्वांसमोर कबूल करतो.